विश्लेषण : सातबारा ते गेटवे ऑफ इंडिया… रोमन अंक वाचताना आपण नेमके कुठे चुकतो?

पन्हाळा तालुक्यातील कोडोली-वारणानगर हा उसाचा पट्टा. इथे सातबारा म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पीककर्ज, वाटणी, वारसनोंद, काहीही असले तरी तो कागद आधी लागतो. पण हाच सातबारा इंग्रजी दाव्यात किंवा न्यायालयाच्या निकालपत्रात आला, की अनेकदा त्याचे आकडे रोमन होतात. सात म्हणजे ‘व्ही-आय-आय’ आणि बारा म्हणजे ‘एक्स-आय-आय’.

इथपर्यंत ठीक. गडबड होते ती फेरफाराच्या वेळी. फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा. रोमन अंकांत ‘व्ही-आय’. हीच दोन अक्षरे उलटी वाचली, ‘आय-व्ही’ अशी, तर तो होतो गाव नमुना चार, म्हणजे संकीर्ण जमीन महसुलाची नोंदवही. अक्षरे तीच, पण क्रम बदलला की नोंदवहीच बदलली. म्हणूनच लहानपणी पाठ केलेले आणि मोठेपणी विसरलेले हे अंक पुन्हा एकदा समजून घ्यायला हवेत.

चिन्हे किती आणि कोणती?

फक्त सात. आय म्हणजे १, व्ही म्हणजे ५, एक्स म्हणजे १०, एल म्हणजे ५०, सी म्हणजे १००, डी म्हणजे ५०० आणि एम म्हणजे १०००. यांपैकी आय, एक्स, सी आणि एम ही चिन्हे एका ओळीने तीनदा लिहिता येतात. म्हणून ३ म्हणजे तीन आय आणि ३० म्हणजे तीन एक्स. व्ही, एल आणि डी मात्र लागोपाठ दोनदा येत नाहीत. कारण साधे आहे. दोन व्ही म्हणजे दहा, आणि दहासाठी एक्स आहेच.

मोठ्या चिन्हाच्या उजवीकडे लहान चिन्ह आले तर बेरीज करायची, डावीकडे आले तर वजाबाकी. ‘व्ही-आय’ म्हणजे पाच अधिक एक, सहा. ‘आय-व्ही’ म्हणजे पाच उणे एक, चार. नमुना सहा आणि नमुना चार यांतला फरक एवढाच.

जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवर मात्र चारच्या जागी अनेकदा चार उभ्या रेघा दिसतात. ती छापखान्याची चूक नाही. घड्याळे बनवणाऱ्यांनी जपलेली ती जुनी पद्धत आहे. मुलाने परीक्षेत तसे लिहिले तर मात्र गुण मिळणार नाहीत.

मराठी माणसाला हे सोपे का?

कारण वजाबाकीने संख्या सांगायची सवय आपल्या जिभेला आधीपासूनच आहे. एकोणीस या शब्दाची फोड करा : एक, ऊन, वीस. म्हणजे एक कमी वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ हे सगळे शब्द असेच बनले. गंमत म्हणजे रोमन लोकांच्या लॅटिन भाषेतही एकोणिसाला ‘उंदेविगिंती’ म्हणत. अर्थ तोच, विसातून एक. त्यांची भाषा अठरालाही ‘विसातून दोन’ म्हणे.

बालभारतीच्या पाचवीच्या गणितात रोमन संख्याचिन्हांचा स्वतंत्र पाठ आहे. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीतही हा भाग असतो. ‘आय-एक्स’ म्हणजे नऊ का, असे मुलाने विचारले तर नियम घोकून घेण्याआधी त्याला एकोणीस शब्दाची फोड करायला सांगा. उण्याची कल्पना त्याच्या बोलण्यात आहेच. तीच कागदावर आली आहे, हे त्याला चटकन पटेल.

मग फसगत कुठे होते?

याच सवयीमुळे. एकोणपन्नास म्हणजे एक कमी पन्नास. पन्नास म्हणजे एल. मग मराठी मूल सहज ‘आय-एल’ लिहून मोकळे होते. ते चूक आहे. वजाबाकीला मर्यादा आहे : आय हे फक्त व्ही आणि एक्समधून वजा होते, एक्स हे एल आणि सीमधून, तर सी हे डी आणि एममधून. म्हणून ४९ ची आधी फोड करायची, चाळीस आणि नऊ. चाळीस म्हणजे ‘एक्स-एल’, नऊ म्हणजे ‘आय-एक्स’. मिळून झाले ‘एक्स-एल-आय-एक्स’.

आता ९९ पाहा. इथे आपण ‘एकोणशंभर’ म्हणत नाही. नव्याण्णव म्हणतो, म्हणजे नऊ आणि नव्वद. रोमन पद्धतही तेच सांगते : नव्वदसाठी ‘एक्स-सी’, नऊसाठी ‘आय-एक्स’. थोडक्यात, एकोणपन्नासला मराठी शब्द चकवतो, नव्याण्णवला तोच वाट दाखवतो. लक्षात ठेवायचे एकच : संख्या आधी हजार, शतक, दशक, एकक अशी फोडा आणि प्रत्येक तुकडा वेगळा लिहा.

गेटवेवरचे साल कसे वाचायचे?

मुंबईला गेलेला कोल्हापूरकर गेटवे ऑफ इंडियासमोर फोटो काढतोच. पुढच्या वेळी मान वर करून कमानीवरचा मजकूरही वाचा. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर रोजी भारतात उतरल्याची ती नोंद आहे. राजाच्या नावापुढे ‘व्ही’ आहे, म्हणूनच आपण त्याला पंचम म्हणतो. शेवटी साल आहे : एम-सी-एम-एक्स-आय.

डावीकडून फोड करू. पहिला एम, १०००. पुढे सी आणि एम. लहान आधी, मोठे नंतर, म्हणून १००० उणे १००, म्हणजे ९००. मग एक्स १० आणि आय १. एकूण १९११. कमान बांधून पूर्ण झाली ती १९२४ मध्ये. दगडावर आहे ते राजाच्या आगमनाचे साल, बांधकामाचे नव्हे. मधला ‘सी-एम’ जोडीने वाचला नाही आणि सगळ्यांची नुसती बेरीज केली, तर उत्तर येते २१११!

याच रीतीने महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचे साल लिहून पाहा. १९६० म्हणजे एम, मग सी-एम, मग एल-एक्स. शेवटचा शून्य कुठे गेला? तो नाहीच.

शून्य नसल्याने काय बिघडले?

रोमन पद्धतीत शून्याला चिन्ह नाही आणि स्थानाला किंमत नाही. आपल्या लिखाणात ५ हा अंक एककात पाच, दशकात पन्नास. व्ही मात्र कुठेही बसवा, पाचच. त्यामुळे आकडा किती लांब आहे यावरून तो किती मोठा हे कळत नाही. ८८ लिहायला आठ अक्षरे लागतात, १०० ला एकच. अशा आकड्यांचा गुणाकार कागदावर मांडून पाहा, म्हणजे रोमन लोक हिशेबासाठी मणी-खड्यांची पाटी का वापरत, ते समजेल.

पण यावरून रोमन लोकांना हसायचे कारण नाही. आपणही एकेकाळी तिथेच होतो. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. यज्ञात दिलेल्या दक्षिणेचे आकडे त्यात ब्राह्मी चिन्हांत कोरलेले आहेत. त्यातही दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हे आहेत, शून्य नाही. त्या काळात रोमन जगाशी आपला व्यापार चाले. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली, टाऊन हॉल संग्रहालयातली पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती त्याचीच खूण मानली जाते. म्हणजे माल इकडून तिकडे जात होता, तेव्हा दोन्हीकडचे हिशेब बिनशून्याचेच होते.

पुढे भारतात स्थानमूल्य आणि शून्य रुळले. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्याच्या हिशेबाचे नियम लिहिले. अरब जगतातून हे अंक युरोपात गेले आणि इटलीतील फिबोनाचीने १२०२ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. हळूहळू रोमन अंक हिशेबाच्या वहीतून हटले. उरले ते राजांच्या नावापुढे, दगडावर, घड्याळात आणि सरकारी नमुन्यांत.

आज चुकले तर काय होते?

दवाखान्याच्या कागदावर ते अजून आहेत. रक्त गोठवणाऱ्या घटकांना रोमन क्रमांक असतात. आठवा घटक, ‘व्ही-आय-आय-आय’, कमी असेल तर तो हिमोफिलिया ए. नववा, ‘आय-एक्स’, कमी असेल तर हिमोफिलिया बी. दोन्हींची इंजेक्शने वेगळी. कर्करोगाच्या अहवालात टप्पाही बहुधा रोमन अंकातच लिहितात. मोबाइलवर आलेल्या अहवालात दोन उभ्या रेघा ‘११’ सारख्या दिसतात आणि घरात घबराट पसरते. मुख्य टप्पे एक ते चारच असतात. त्या दोन रेघा म्हणजे दुसरा टप्पा. तसेच ‘आय-व्ही’ म्हणजे चौथा टप्पा. सहावा नावाचा टप्पा नसतोच. तरीही शंका राहिली तर अंदाज बांधू नका, डॉक्टरांना विचारा.

जमिनीच्या कागदांचेही तसेच. वकिलाकडून इंग्रजी मसुदा आला, की रोमन आकड्याशेजारी पेन्सिलीने आपला आकडा लिहा : ६, ७, १२, ८-अ. मग मराठी उताऱ्याशी ताडून पाहा आणि त्यानंतरच सही करा. पाचवीतला मुलगा किंवा मुलगी घरात असेल, तर हे काम त्यांच्याकडे द्या. त्यांचा पाठ पक्का होईल आणि तुमचा कागदही.