भट्टी बंद झाली होती, मग फुकुशिमात बिघडलं काय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

सुरुवात माझ्या गावापासून करतो. जुलै २०२२ मध्ये गोदावरी-प्राणहितेला पूर आला, तेव्हा मी सिरोंच्यात घरूनच काम करत होतो. जवळ दोन कंपन्यांची सिमकार्डं. एकाची रेंज गेली तर दुसरं आहे, असा हिशोब. वीज गेली आणि थोड्या वेळानं दोन्हींची रेंज गेली. दोन्ही टॉवर एकाच लायनीवर! सिम दोन, पण आधार एकच. फुकुशिमातली चूकही याच जातीची होती.

११ मार्च २०११. जपानजवळ समुद्रात ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. फुकुशिमा दाइची केंद्रातल्या सहापैकी तीन भट्ट्या चालू होत्या. त्या आपोआप बंद झाल्या, अगदी ठरल्याप्रमाणे. मग अडचण काय?

चूल विझवली तरी निखारे धगधगतात ना, तसंच इथे. विखंडन थांबलं तरी इंधनात तयार झालेले किरणोत्सारी पदार्थ उष्णता देत राहतात. बंद केल्या क्षणी ती मूळ उष्णतेच्या साधारण ६-७ टक्के असते. पहिली भट्टी चालू असताना १,३८० मेगावॉट उष्णता द्यायची, म्हणजे बंद झाल्यावरही नव्वदेक मेगावॉट! दिवसभरात ती एक टक्क्याच्या खाली येते, पण संपत नाही. पाणी फिरतं ठेवावंच लागतं.

भूकंपानं बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले. इथवर सगळं ठीक. मग पाऊणेक तासानं त्सुनामी आली, १४-१५ मीटर उंचीची. केंद्राची तयारी होती साधारण सहा मीटरच्या लाटेची. बहुतेक जनरेटर आणि विजेचे पॅनेल तळघरात किंवा खालच्या मजल्यावर होते. ते सगळे एकदमच गेले. पाणी आटलं, इंधन उघडं पडलं. त्यावरच्या झिर्कोनियमच्या नळ्यांची वाफेशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन तयार झाला आणि इमारतींत त्याचे स्फोट झाले. तीन भट्ट्यांमधलं इंधन वितळलं.

आता गंमत बघा. सहाव्या भट्टीचा एक जनरेटर उंचावर होता, हवेनं थंड होणारा. तो टिकला. त्या एकट्यानं पाचवी आणि सहावी, दोन्ही भट्ट्या सांभाळल्या.

आपल्याकडेही हे थोडक्यात टळलंय. ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली. पर्यायी वीजपुरवठ्याच्या केबलीही जवळूनच गेलेल्या, त्याही जळाल्या. केंद्र सुमारे १७ तास विजेविना होतं. कर्मचाऱ्यांनी आग विझवायच्या डिझेल पंपांनी पाणी सोडून भट्टी थंड ठेवली. किरणोत्सार बाहेर पडला नाही.

फुकुशिमात मात्र दीड लाखाहून जास्त माणसांना घर सोडावं लागलं. किरणोत्सारामुळे झालेला एक मृत्यू जपान सरकारनं २०१८ मध्ये मान्य केला. पण स्थलांतराची दगदग, तुटलेले उपचार, छावणीतलं जगणं यांमुळे त्या प्रांतात दोन हजारांहून जास्त लोक गेले, बहुतेक म्हातारी माणसं. पुरात आजारी म्हाताऱ्यांना हलवताना आमच्याकडे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिकडे जर्मनीनं अणुऊर्जा सोडायचं ठरवलं आणि २०२३ मध्ये शेवटच्या भट्ट्या बंद केल्या. इकडे जैतापूरच्या विरोधाला धार आली.

जपानच्या संसदेच्या चौकशी आयोगानं २०१२ मध्ये या अपघाताला मानवनिर्मित म्हटलं. केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्याच २००८ च्या गणितात १५ मीटरहून उंच लाट निघाली होती, तरी भिंत वाढली नाही.

तारापूर असो, उद्याचं जैतापूर असो, की तुमचा सर्व्हर, बॅकअप किती आहेत एवढंच विचारून थांबू नका. एकाच कारणानं त्यातले किती एकदम जातील, तेही विचारा.

पुढच्या भागात भेटूच!