अजिंठ्याचा निळा रंग

अजिंठ्याचं १६ वं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं कोरवून घेतलं. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांत लाल रंग गेरूचा, हिरवा काळ्या पाषाणात सापडणाऱ्या हिरव्या मातीचा. निळा मात्र परमुलखातला! रंगाच्या कणावर लेझरचा झोत टाकला, की परतणाऱ्या प्रकाशात त्यातल्या गंधकाची खूण उमटते आणि लाजवर्द ओळखू येतो. हा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा. एवढ्या लांबून तो आणवणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. डच चित्रकार व्हर्मीरनं सुमारे १६६५ मध्ये मोत्याचं कर्णभूषण घातलेल्या मुलीच्या फेट्याला हाच रंग दिला, पण तेलात खलून. अजिंठ्यात तो कोरड्या गिलाव्यावर चिकट द्रव्यात कालवून लावला. म्हणून ओल शिरली की पापुद्रे सुटतात.