हातात मावणारी पेटी : घेताना काय पाहावे, धंदा कुठे आहे

आमच्या भंडारा जिल्ह्यात पेटी म्हटली की हार्मोनियम डोळ्यांसमोर येते. कव्वालीत तीच, भजनात तीच आणि झाडीपट्टीच्या नाटकातही तिच्याशिवाय भागत नाही. पण याच घराण्यातली एक फार लहान पेटी आहे, ती म्हणजे कॉन्सर्टिना. दोन्ही बाजूंना सहा किंवा आठ कोनांच्या लाकडी चौकटी, मध्ये घड्यांचा भाता आणि चौकटींवर बटणे. दोन्ही हातांनी भाता दाबायचा, ओढायचा आणि बोटांनी सूर काढायचे. तिचे छोटे रूप तर ओंजळीत मावते. शौकीन मंडळी हल्ली तिची चौकशी करतात, म्हणून व्यापारी व कारागीर बंधूंसाठी ही माहिती.

लंडनचे शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1829 साली या जातीच्या वाद्याचे पेटंट घेतले आणि 1844 साली कॉन्सर्टिनाचे. शाळेत विजेच्या धड्यात ज्यांचा 'व्हीटस्टन ब्रिज' शिकवतात, तेच हे गृहस्थ. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या दबें यांनी 1842 साली घेतले. ती पायाने भाता मारायची होती. जमिनीवर बसून हाताने वाजवायची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास बनवली. तीच पुढे देशभर पसरली.

दोन्हींचा जीव एकच, पितळेची किंवा पोलादाची रीड. हवा गेली की ती थरथरते आणि सूर निघतो. फरक असा की आपल्या पेटीत हवा एकाच दिशेने वाहते, तर कॉन्सर्टिनात दाबताना आणि ओढताना दोन्ही वेळा सूर निघतो. म्हणून प्रत्येक बटणामागे दोन रीड लागतात. बारा बटणांच्या छोट्या पेटीत चोवीस रीड झाल्या. इंग्लिश पद्धतीत दोन्ही दिशांना एकच सूर निघतो, अँग्लो पद्धतीत दोन वेगवेगळे. दुकानदाराने गिऱ्हाइकाला हा फरक आधी सांगावा, नाहीतर माल परत येतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी. कमी बटणांच्या छोट्या अँग्लो पेटीत बहुधा एकाच पट्टीचे सूर असतात. सफेद एकची असेल तर काळी चारच्या गायकाला तिचा उपयोग नाही. कोमल सूरही त्यात पुरे मिळत नाहीत. भाता लहान, म्हणून हवा लवकर संपते आणि लांब तान घेता येत नाही. ज्याला कव्वालीची किंवा भजनाची साथ करायची आहे, त्याने हार्मोनियमच घ्यावी. सोपी लोकधून वाजवायची असेल, प्रवासात सोबत ठेवायची असेल, तर ही छोटी पेटी बरी.

घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, बटण न दाबता पेटी एका बाजूने धरून दुसरी बाजू लोंबकळत ठेवा. भाता भराभर उघडला तर हवा गळते असे समजा. दुसरी, प्रत्येक बटण दाबताना व ओढताना वेगळे वाजवून पाहा. खरखर आली तर रीडमध्ये धूळ किंवा गंज आहे. तिसरी, बटण दाबल्यावर लगेच वर यायला हवे. चौथी, भात्याच्या कोपऱ्यांचे चामडे पाहा, घड्या प्रथम तिथेच फाटतात. प्लास्टिकचे स्वस्त खेळणे आणि खरे वाद्य यांत फरक आहे. जुन्या विलायती पेटीला शौकीन मोठी किंमत देतात, पण तिचे सूर आजच्या पट्टीशी जुळतीलच असे नाही. पारख झाल्याशिवाय पैसे अडकवू नका.

आमच्या भागात पावसाळा दमट असतो. चामड्याला बुरशी येते, रीड काळवंडते. पेटी कोरड्या डब्यात, भाता मिटून ठेवावी. उन्हात कधी ठेवू नये.

आता धंद्याची गोष्ट. छोटी कॉन्सर्टिना विकून कोणाचे दुकान चालणार नाही, हे आधीच समजून घ्यावे. काम आहे ते दुरुस्तीत. दिवाळीनंतर धान घरात आले की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो होळीपर्यंत चालतो. मंडळाची पेटी ऐन हंगामात बिघडली की ती शहरात पाठवावी लागते आणि खेळ अडतो. भंडारा तर पितळी भांड्यांचे गाव. स्टीलने त्या धंद्याचे कंबरडे मोडले, पण पितळेची नाडी ओळखणारे हात आपल्याकडे आहेत. रीडचे टोक किंचित खरवडले की सूर चढतो, मुळाशी खरवडले की उतरतो. हे काम बारीक आहे. एकदा जास्त खरवडले की धातू परत येत नाही, म्हणून कान तयार असलेल्या उस्तादाजवळ बसूनच ते शिकावे. तयार रीड गुजरातच्या पालिताण्याहून येतात, त्या इथे ओतण्याचा खटाटोप नको.

भाता हे आम्हा कापडवाल्यांच्या नजरेतले काम. पुठ्ठा, घट्ट विणीचे कापड, चामडे आणि सरस एवढाच माल, पण घडी सारखी पडली पाहिजे. शिंप्याचा हात असलेला मुलगा हे लवकर शिकेल. पितळेचा कारागीर आणि शिंपी, दोघांनी मिळून एक छोटे दुकान टाकले तर भांडवल थोडे लागेल. पेटीबरोबर तबल्याची शाई व वादीचे कामही घेतले तर बारा महिने हाताला काम राहील. सुरुवात हार्मोनियमपासून करावी. तिच्यावर हात बसला की ही छोटी पेटी उघडायला भीती वाटणार नाही.