मरणाचा आकडा वाचायचा कसा

इगतपुरी तालुक्यातल्या घोटीच्या आसपासच्या एखाद्या वाडीवर माणूस गेला की त्याचं मरण सरकारी कागदावर येण्याची सरळ वाट ग्रामपंचायतीतून जाते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे एकवीस दिवसांच्या आत खबर द्यायची, ग्रामसेवक ती नोंदवहीत उतरवतो आणि दाखला मिळतो. दाखल्यावर नाव आणि तारीख एवढंच ठळक दिसतं, पण त्यासाठी भरायचा अर्ज एकदा नीट वाचावा. मरण्यापूर्वी उपचार मिळाले होते का, मिळाले तर दवाखान्यात की घरी? बाई असेल तर मृत्यू गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या सहा आठवड्यांत झाला का? विडी-सिगारेट, तंबाखू, सुपारी, दारू यांची सवय होती का, किती वर्षं? आणि मृत्यूचं कारण. जगभरातल्या मृत्यूंचे जे तक्ते संयुक्त राष्ट्रसंघ आणि जागतिक आरोग्य संघटना छापतात, त्यांना लागणारा जवळजवळ सगळा कच्चा माल या एका कागदात मागितलेला आहे.

अडचण अशी की लोक दाखला काढतात तो गरजेपोटी. सातबाऱ्यावर वारस लावायचे असतात, बँकेतले पैसे काढायचे असतात, विम्याचा दावा असतो. त्यामुळे जमीन नावावर असलेला पुरुष गेला की नोंद बहुधा होते. भूमिहीन म्हातारी गेली तर दाखल्यावाचून कुणाचं काही अडत नाही. आणि तीन दिवसांचं बाळ गेलं तर? त्याचा जन्मही नोंदवायचा आणि मृत्यूही. घरातली माणसं त्या दु:खात असताना कोण पंचायतीत जाणार? म्हणून ज्या मृत्यूंची माहिती सगळ्यात जास्त हवी, तेच वहीतून निसटतात. कारणाचा रकाना तर आणखी दुबळा. देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले मृत्यू २०२० मध्ये शंभरात तेवीससुद्धा नव्हते.

ही उणीव भरून काढायला आपल्याकडे दुसरी वाट आखलेली आहे. नमुना नोंदणी पद्धत तिचं नाव, १९६९-७० पासून ती देशभर चालू आहे. देशातली सुमारे ८,८०० गावं आणि शहरी वस्त्या नमुन्यादाखल निवडलेल्या, त्यांत ८० लाखांहून जास्त माणसं. प्रत्येक ठिकाणी गावातलाच एक माणूस, बहुतेकदा शिक्षक किंवा अंगणवाडीताई, वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो. दर सहा महिन्यांनी बाहेरचा पर्यवेक्षक येतो आणि पहिल्याची यादी न बघता घरोघरी फिरून विचारतो: गेल्या सहा महिन्यांत या घरात कुणी जन्मलं का, कुणी गेलं का? मग दोन्ही याद्या शेजारी ठेवतात. जे नाव एकीत आहे आणि दुसरीत नाही, त्या घरी पुन्हा जाऊन खातरजमा करतात. दोघांच्या नजरेतून एकच मृत्यू सुटण्याची शक्यता फार कमी. आपल्या देशाचा मृत्युदर म्हणून जो आकडा वर्तमानपत्रात येतो, तो या जुळणीतून आलेला असतो. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. महागडी यंत्रं नाहीत, फक्त दोन माणसांनी एकमेकांचं न बघता मोजायचं.

आता तो आकडा वाचू. २०२० मध्ये देशाचा मृत्युदर होता हजारी ६. म्हणजे हजार माणसांमागे वर्षाला सहा मृत्यू. त्याच वर्षी बिहारचा दर साडेपाचच्या आत आणि केरळचा ७. मग बिहारमध्ये माणसं जास्त जगतात का? मुळीच नाही, केरळचं सरासरी आयुर्मान देशात वरच्या क्रमांकांत आहे. जपानचं आयुर्मान ८४ च्या घरात, तरी तिथला मृत्युदर आपल्या जवळपास दुप्पट. कारण जपानमध्ये दर दहा माणसांत तिघं पासष्टीच्या पुढची आहेत. म्हातारी माणसं जास्त असतील तिथे मरणंही जास्त होणार.

हे आपल्या तालुक्यातही ताडून बघता येईल. एखाद्या डोंगराकडच्या गावातले तरुण गोंद्याच्या कारखान्यांत, नाशिकला, मुंबईला राहायला गेले आणि मागे आई-बापच उरले, तर त्या गावाचा मृत्युदर वाढेल. तिथलं पाणी बिघडलेलं नसेल, दवाखाना बंद पडलेला नसेल, तरीही वाढेल. म्हणून दोन ठिकाणांची तुलना करायची तर वयोगटाप्रमाणे करायची: पाच वर्षांखालची मुलं, पंधरा ते साठची माणसं, साठीपुढची माणसं, प्रत्येकाचा दर वेगळा. कुणी नुसता मृत्युदर पुढे केला तर आधी विचारावं, कुठल्या वयाचा?

दुसरा आकडा सरासरी आयुर्मानाचा. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानचं सरासरी आयुर्मान जेमतेम वीस वर्षं निघालं होतं. वाचताना वाटतं, माणसं विशीत म्हातारी होऊन मरत होती की काय! तसं नव्हतं. दहा मुलं जन्मली असं धरा. तीन पहिल्या वर्षातच गेली आणि सात पन्नास वर्षं जगली, तर सरासरी येते ३५. आता तिघांऐवजी एकच बाळ दगावलं आणि उरलेली नऊ तेवढीच पन्नास वर्षं जगली, तर सरासरी होते ४५. मोठ्यांच्या आयुष्यात एका दिवसाचीही भर पडली नाही, तरी आयुर्मान दहा वर्षांनी वाढलं. १९५० च्या सुमाराला जगाचं सरासरी आयुर्मान ४६ होतं, ते आज ७३ च्या आसपास आहे. या वाढीचा फार मोठा वाटा लहान मुलं वाचण्याचा आहे.

वीस वर्षांच्या आयुर्मानाचं ते दशक इतकं भीषण का होतं, हे घोटीच्या रेल्वे रुळांपाशी उभं राहिलं तर समजायला सोपं जातं. थळ घाट चढून ही लाइन १८६५ मध्ये इगतपुरीला पोचली आणि मुंबई बंदर देशाच्या पोटाशी जोडलं गेलं. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा आला, सप्टेंबरात त्याची दुसरी, जीवघेणी लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. तिथून साथ रेल्वेने गावोगाव पसरली. त्या वर्षी पाऊसही कमी झाला होता, धान्य महाग होतं, उपाशी अंगावर ताप आला. देशभरात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसं दगावली असावीत असा अंदाज आहे. या साथीत म्हातारी आणि बाळंच नव्हे, वीस ते चाळीस वयाची कमावती माणसं मोठ्या संख्येने गेली. १९२१ च्या जनगणनेत लोकसंख्या आधीच्या जनगणनेपेक्षा कमी भरली. त्याआधी आणि त्यानंतर तसं कधीच घडलं नाही.

नंतर मृत्यू कमी होत गेले, त्याला एकच एक कारण नाही. १९५३ मध्ये हिवतापाविरुद्ध डीडीटीच्या फवारणीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. देवीचा देशातला शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून ठेवून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजलं. मृत्यूंचं प्रमाण एकदम खाली आलं. आज अंगणवाडीत मिळणारं ओआरएसचं पाकीट त्याच उपचाराचं. १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण आलं. मुली शिकल्या, लग्नाचं वय पुढे गेलं, दोन बाळंतपणांतलं अंतर वाढलं. देशाचा अर्भक मृत्युदर १९७१ मध्ये हजारी १२९ होता, तो २०२० मध्ये २८ वर आला. महाराष्ट्राचा १६. जगातही हाच कल आहे: पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्युदर १९९० मध्ये हजारी ९३ होता, २०२२ मध्ये ३७.

या आकड्यांच्या आत डोकावलं की एक गोष्ट लक्षात येते. महाराष्ट्रात हजारी १६ अर्भकं दगावली, त्यांतली ११ पहिल्या अठ्ठावीस दिवसांत. आनंदीबाई जोशींचं बाळही याच दिवसांत, दहाव्या दिवशी गेलं, त्या तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या आणि त्यातून डॉक्टर होण्याचा ध्यास त्यांनी घेतला. पुढे बावीस पूर्ण होण्याआधीच १८८७ मध्ये क्षयाने त्याही गेल्या. सव्वाशेहून जास्त वर्षांनी तेच दिवस सगळ्यात धोक्याचे राहिले आहेत, आणि क्षयानेही देशात दर वर्षी सुमारे तीन लाख माणसं मरतात.

त्या पहिल्या महिन्यावर उत्तर शोधलं ते महाराष्ट्रानेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामाच्या सुरुवातीच्या काळात, १९८८ मध्ये, तिथल्या गावांत हजारी १२१ अर्भकं दगावत होती. दवाखाना दूर आणि बाळंतपण घरी, मग उपचारच घरी न्यायचे. गावातल्या बायकांना त्यांनी शिकवलं: बाळाचं वजन करायचं, अंग गार पडतंय का बघायचं, कपड्यात गुंडाळून ऊब द्यायची, श्वास मोजायचे, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शनही द्यायचं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: त्या गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येऊन बाळाचं वजन करतात, ती रीत या कामातून देशभर गेली.

मुलं वाचली, मोठी झाली, तसे मृत्यूचे प्रकारही बदलले. १९९० मध्ये भारतातल्या मृत्यूंपैकी सुमारे ३८ टक्के हृदयविकार, पक्षाघात, दमा, कर्करोग, मधुमेह अशा असंसर्गजन्य आजारांमुळे होत. २०१६ मध्ये हे प्रमाण ६२ टक्क्यांवर गेलं. घोटीच्या बाजारात औषधांच्या दुकानावर पाच मिनिटं उभं राहिलं तर रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या किती जातात ते दिसतं. याच गोळ्या नियमित घेतल्या तर माणूस पंचावन्नाव्या वर्षी जाण्याऐवजी पंच्याहत्तरी गाठू शकतो. पण त्यासाठी आधी रक्तदाब मोजलेला हवा, आणि भातगिरणीवर पोती उचलणारा किंवा खाचरात वाकलेला माणूस काही दुखल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाही. शिवाय घोटी मुंबई-आग्रा महामार्गावर. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार माणसं मेली, त्यांत तरुण जास्त.

आणि अंतर. आकड्यांच्या चर्चेत हे कारण मागे पडतं, ते मला पुढे आणावंसं वाटतं. २०२३ च्या जुलैत इगतपुरी तालुक्यातल्या एका वाडीवरून गरोदर बाईला भर पावसात पायवाटेने रस्त्यापर्यंत आणावं लागलं आणि ती वाचली नाही. रुग्णवाहिका रस्ता संपतो तिथवरच येते. महाराष्ट्रात २०१८-२० मध्ये लाख जन्मांमागे ३३ माता दगावत होत्या, देशात ९७. राज्याचा आकडा चांगलाच आहे. पण ही राज्याची सरासरी, तिच्यात वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची पायपीट दिसत नाही. ती शोधायला मृत्यू गावनिहाय मांडावे लागतात, म्हणजे पुन्हा ग्रामपंचायतीची वही नीट भरलेली लागते.

वही भरलेली असली की काय होतं, हे कोविडने दाखवलं. २०१९ मध्ये देशात सुमारे ७६ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२० मध्ये ८१ लाख, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात वीस लाखांवर वाढ. त्यातली काही नोंदणी सुधारल्यामुळे असेल, पण एवढी सगळी नाही. कोविडचे म्हणून सरकारने मोजलेले मृत्यू २०२१ अखेर पाच लाखांच्या आत होते. जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांतल्या जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लाख काढला, तो आपल्या सरकारने मान्य केला नाही. कारणाचा रकाना कोरा असेल तर असे वाद मिटायला पुरावाच हाती राहत नाही.

कोऱ्या रकान्यावर एक उपाय आहे: तोंडी शवविच्छेदन. नाव भयंकर असलं तरी काम माणुसकीचं आहे. प्रशिक्षित माणूस घरी जाऊन विचारतो, शेवटचे दिवस कसे गेले, ताप होता का, धाप लागत होती का, काही चावलं होतं का. ती हकीकत दोन डॉक्टर स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवतात. अशा दहा लाख मृत्यूंच्या मोठ्या अभ्यासातून सर्पदंशाचा खरा आकार कळला: २०००-२०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू. निम्मे पावसाळ्यात, म्हणजे ऐन आवणीच्या दिवसांत, आणि बहुतेक घरी. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंशाची खूण धड दिसत नाही, सूज येत नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. घरच्यांना कारणच कळत नाही.

विंचवाचं उदाहरण धीर देणारं आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने दवाखान्यात आलेले रुग्णही शंभरात चाळीसच्या घरात मरत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णाच्या उशाशी बसून विष हृदयावर काय करतं ते टिपलं आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली. मृत्यू शंभरात एकाच्या आसपास आले. सापासाठी तर प्रतिविष मुंबईच्या हाफकिनमध्ये कित्येक दशकं बनतं आहे, ते वेळेत टोचायचं राहतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, सरकारी असो की खाजगी, प्रत्येक दवाखान्याने रुग्ण आणि मृत्यू दोन्ही कळवावेत. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट आहे. दवाखान्यात पोचलेला रुग्ण यातून मोजला जाईल. भगताच्या दारात किंवा घरच्या वाकळीवर गेलेला मोजायला ग्रामसेवकाच्या अर्जातला कारणाचा रकाना, आशाताईंची आठवण आणि घरच्यांना विचारलेले चार प्रश्न लागतील.