बाटल्यांची घडवंची

जुन्या मराठी घरांत पाण्याचे हंडे, कळशा लाकडाच्या एका चौकटीवर ठेवत. तिचं नाव घडवंची. आज आपण तशीच एक घडवंची बनवू या, पण वाइनच्या बाटल्यांसाठी. डार्मश्टाटच्या दक्षिणेला, बेर्गश्ट्रासच्या उतारांवर द्राक्षांचे मळे आहेत. तिथली रीसलिंग तुमच्याही घरी पाहुण्यांबरोबर येत असेल.

बाटली आडवी का ठेवायची?
बूच ओलं राहावं म्हणून. बूच वाळलं की आकसतं, हवा आत शिरते आणि वाइन बिघडते. फिरकीचं झाकण असेल, तर बाटली उभी ठेवली तरी चालते. कोकम सरबत मात्र उभंच ठेवा, नाहीतर गळेल!

सामान
• दोन फळ्या: 60 सेंमी लांब, 14 सेंमी रुंद, 2 सेंमी जाड
• बाजूंसाठी दोन फळ्या: 35 सेंमी उंच, 25 सेंमी रुंद, 2 सेंमी जाड
• 5 सेंमीचे 16 स्क्रू, लाकडाचा गोंद, पॉलिश पेपर

बाउमार्क्टमध्ये माप सांगितलं की फळ्या कापून देतात.

कृती
1. दोन्ही लांब फळ्यांवर मधोमध लांब रेघ मारा. रेघेवर 6, 18, 30, 42 आणि 54 सेंमीवर खुणा करा.
2. एका फळीला खुणांवर 8 सेंमी व्यासाची भोकं पाडा, दुसरीला 4 सेंमीची. फळी क्लॅम्पने घट्ट बांधा. मोठं भोक पाडताना ड्रिलला झटका बसतो, म्हणून घरातलं मोठं माणूस सोबत हवंच. आणि हे काम रविवारी नको, शेजारी दार वाजवतील!
3. आता दोन्ही फळ्या त्या रेघेवरून चिरा. गंमत बघा, अर्धगोल खाचांच्या चार पट्ट्या तयार! मोठ्या खाचेत बाटलीचं पोट बसतं, छोट्या खाचेत मान.
4. कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा.
5. पोटाची पट्टी पुढे, मानेची मागे ठेवा. दोन्हींत साधारण 20 सेंमी अंतर लागतं, पण आपली बाटली मोजूनच ठरवा. दोन्हींच्या वरच्या कडा एका उंचीवर आल्या, की बाटली सरळ आडवी राहते.
6. पट्ट्यांची एक जोडी तळाशी लावा, दुसरी तिच्यावर 10 सेंमी जागा सोडून. प्रत्येक टोकाला गोंद आणि दोन स्क्रू लावा. एकाच स्क्रूभोवती पट्टी फिरते, दोन असले की फिरत नाही. स्क्रूआधी बारीक भोक पाडा, म्हणजे लाकूड फाटणार नाही.

दहा भरलेल्या बाटल्यांचं वजन बारा-तेरा किलो होतं. म्हणून गोंद रात्रभर वाळू द्या आणि आधी रिकाम्या बाटल्या ठेवून पाहा. सेक्टची बाटली जाड असते, ती या खाचेत बसणार नाही.

नवीन शब्द
खाच – लाकडात कापून केलेली खोलगट जागा
चिरणे – लांबीच्या दिशेने कापणे
आकसणे – लहान होणे

सांगा पाहू
1. सरबताची बाटली आडवी का ठेवत नाहीत?
2. प्रत्येक टोकाला दोन स्क्रू कशासाठी?
3. तुमच्या आजीला विचारा: तिच्या घरी घडवंची होती का? तिच्यावर काय ठेवत?