सुट्टीतले संशोधन भातखाचरात व्हावे

देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दर उन्हाळ्यात पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन महिने नामवंत संशोधकांच्या हाताखाली पाठवतात. योजना उत्तमच आहे. पण मातीपाण्यातले सूक्ष्मजीव अभ्यासू पाहणाऱ्या मुलांनी ही सुट्टी शहरातल्या प्रयोगशाळेपेक्षा तंजावरभोवतालच्या भातखाचरांत घालवावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. वेळापत्रकच तसे जुळते. धरणात पुरेसे पाणी असेल तर मेट्टूरचे दरवाजे रिवाजाप्रमाणे १२ जूनला उघडतात आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात कुरुवै हा भाताचा हंगाम सुरू होतो. मे महिन्यात भेगाळलेली जमीन जुलैत पाण्याखाली असते. पाणी साचले की मातीतला प्राणवायू झपाट्याने संपतो. मग जिवाणू नायट्रेटवर भागवतात, नंतर लोहावर, सल्फेटवर. मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव म्हणजे शेवटच्या पंगतीला बसणारी मंडळी. ही सगळी पंगत सुट्टीतच उठते! रोप उपटून मुळे धुतली, तर त्यांवर गंजासारखा तांबूस थर दिसतो. भाताच्या खोडातल्या पोकळ्यांतून उतरलेला प्राणवायू मुळांतून झिरपतो आणि चिखलातले लोह गंजवतो. त्याच प्राणवायूवर मिथेन खाणारे जिवाणू जगतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील मोनाली रहाळकर यांच्या गटाने अशाच भातशेतीतून फिकट गुलाबी, मोठ्या पेशींचा मिथिलोक्युक्युमिस ओरायझी हा जिवाणू वेगळा काढला.

दोन महिन्यांत असा जिवाणू हाती लागेल का? बहुधा नाही, तो फार सावकाश वाढतो. पण मिथेनचे मोजमाप नक्की होईल, आणि त्याचे मोल शास्त्रज्ञ अशेष प्रसाद मित्रा यांनी दाखवून दिले आहे. इतर देशांतल्या मोजक्या नोंदी ताणून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने भारतीय भातशेतीच्या माथी वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन मारला होता. मित्रांनी १९९१ मध्ये देशभरच्या संस्थांना कामाला लावून प्रत्यक्ष शेतात मोजणी करवली. आकडा आला सुमारे ४० लाख टन. हवामानाच्या वाटाघाटींत भारताची बाजू सावरणारे हे काम आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवे.

नवशिक्यांच्या आकड्यांवर भरवसा काय ठेवायचा, ही शंका रास्त आहे. मात्र मिथेन मोजण्याची पद्धत चूक लपवू देत नाही. रोपांवर बंद पेटी ठेवून अर्ध्या तासात ठरावीक अंतराने सिरिंजने हवा काढायची. मिथेनचे प्रमाण सरळ रेषेत चढले पाहिजे. शेजारच्या चिखलात पाय पडला तर अडकलेले बुडबुडे सुटतात आणि आलेखात उसळी दिसते. म्हणून आधी फळी टाकायची, एकाच खाचरात अनेक पेट्या ठेवायच्या, आणि बिघडलेली नोंद कारणासकट वहीत लिहायची. जिवाणू फवारून भातशेतीचा मिथेन संपवण्याचे दावे आता होऊ लागले आहेत. ते पारखायला त्याच खाचरांतल्या अनेक वर्षांच्या नोंदी लागतील. अडुतुरैची भात संशोधन संस्था १९२२ पासून याच त्रिभुज प्रदेशात आहे. पहिल्या पेट्या तिच्या शिवारात ठेवता येतील.