कूलंट जातंय कुठं?

आपल्यातल्या कितीतरी गटांनी आता जुनी गाडी घेतली आहे. कुणी मसाले आणि पापड बाजाराला न्यायला, कुणी भाजी न्यायला. नवी गाडी परवडत नाही. दहा-बारा वर्षं चाललेली ओम्नी किंवा तसलीच एखादी गाडी मात्र गटाच्या पैशात बसते. या गाड्यांबद्दल आमच्याकडे एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : "ताई, कूलंट टाकतोय, टाकतोय, तरी बाटली खालीच होते. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन खोलावं लागेल. खोलू द्यावं का?"

आज त्यावरच बोलू.

आधी एक गोष्ट पक्की करू. पेट्रोल खर्च होतं, कूलंट खर्च होत नाही. इंजिनात पेट्रोल जळतं, त्याची उष्णता कूलंट घेतं, रेडिएटरच्या जाळीत जाऊन थंड होतं आणि परत इंजिनात येतं. हा बंद फेरा आहे. महिनोन् महिने गेले तर बाटलीतली पातळी बोटभर उतरेल, ते चालतं. पण दर आठवड्याला ओतावं लागत असेल, तर ते कुठंतरी जातंय. नुसतं ओतत राहणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणं. आणि एखाद्या दिवशी भरल्या गाडीसह इंजिन तापून बंद पडलं, तर दुरुस्तीला गटाची वर्षभराची बचत जाऊ शकते.

झाकणाला हात लावण्याआधी

रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरचं झाकण समजा. पाणी १०० अंशांना उकळतं, पण झाकण आतला दाब धरून ठेवतं, म्हणून कूलंट त्याहून जास्त तापलं तरी उकळत नाही. गरम इंजिनाचं झाकण उघडलं तर वाफ न सोडता कुकर उघडल्यासारखंच होतं. उकळतं कूलंट तोंडावर येतं. म्हणून सगळी तपासणी सकाळी, रात्रभर थांबलेल्या गाडीवर करा. पदर खोचून घ्या, ओढणी आणि वेणी मागे बांधा. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही फिरू लागतो, हे विसरू नका.

पहिलं काम : वही

गटाचा जमाखर्च आपण लिहितोच. तसंच गाडीच्या वहीत चार रकाने आखा : तारीख, किलोमीटर, बाटलीतली पातळी, किती ओतलं. पातळी बाटलीवरच्या दोन खुणांच्या मध्ये हवी. दोन आठवड्यांत चित्र दिसतं. गाडी उभी असतानाही पातळी उतरते की फक्त चालवल्यावर? भार घेऊन घाट चढल्यावरच उतरते का? मिस्त्रीला ही वही दाखवली, की तो अंदाजाने बोलत नाही.

बाहेर गळतंय का?

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा. सकाळी डाग बघा. हिरवा, गुलाबी किंवा निळसर, बोटाला किंचित बुळबुळीत लागणारा डाग कूलंटचा. काळा, तेलकट डाग ऑइलचा. एसी असलेल्या गाडीखाली पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी एसीचं असतं, त्याची काळजी नको.

डाग नसला तरी गळती नाही असं समजू नका. गरम इंजिनावर पडलेला थेंब जागीच सुकतो आणि मागे पांढरी किंवा रंगीत खपली ठेवतो. नळाच्या जोडाला क्षार चढतात तशी. ती शोधा : रबरी होज पाइपांच्या टोकांना, क्लिपांखाली, रेडिएटरच्या कडांना. थंड होज दाबून बघा. तडे गेले असतील किंवा तो फार मऊ पडला असेल, तर बदला. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली असतं, म्हणून सीट उचलूनच बघावं लागतं.

आणखी एक जागा पाण्याचा पंप. त्याच्या पोटाला एक बारीक छिद्र असतं. आतलं सील झिजलं, की तिथून थेंब येतो. आमच्या गटाच्या गाडीला असंच झालं होतं. एका गॅरेजने हेड उतरवायला सांगितलं होतं. वहीत मात्र दिसत होतं, की गाडी उभी असतानाही पातळी उतरते, आणि पुठ्ठ्यावर रोज एकाच जागी हिरवा ठिपका. दुसऱ्या मिस्त्रीने ठिपक्याच्या सरळ वर पाहिलं. पंप बदलला, हेडला हात लावावा लागला नाही.

झाकण आणि बाटली

कुकरची रिंग सैल झाली तर शिट्टी होत नाही. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली, तर कूलंट लवकर उकळून बाटलीत आणि तिथून बाहेर जातं. नवं झाकण घेताना त्यावरचा दाबाचा आकडा जुन्याशी जुळवा.

कधी बाटली भरलेली आणि रेडिएटर मात्र रिकामा, असंही होतं. इंजिन थंड होताना बाटलीतलं कूलंट परत ओढलं जायला हवं. मधल्या बारीक नळीला चीर असेल, तर कूलंटऐवजी हवा ओढली जाते. म्हणून सकाळी झाकण उघडून रेडिएटरही बघा. बाटलीवर विसंबू नका.

बाहेर काहीच नाही, तरी उतरतंय

मग आत जातंय. एक शक्यता हीटरची. हीटर असलेल्या गाडीत पायाखालची चटई ओली होते, गोडसर वास येतो, पुढच्या काचेवर आतून चिकट धुकं बसतं.

दुसरी शक्यता हेड गॅस्केटची. इंजिनचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधलं हे पातळ पॅकिंग. ते फाटलं, की कूलंट जळणाच्या जागेत किंवा ऑइलमध्ये शिरतं. खुणा अशा : इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणं, ऑइल दुधाळ चहासारखं दिसणं, इंजिन चालू असताना रेडिएटरात थांबता न थांबणारे बुडबुडे. थंडीत सकाळी थोडा वेळ वाफ येते, तो दोष नव्हे. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली, तेवढ्यावरूनही घाबरू नका. जवळच्या जवळ चालणाऱ्या गाडीत ओलाव्यानेही ती धरते. पण या खुणा एकत्र दिसल्या, तर गाडी चालवू नका.

मिस्त्रीला काय सांगाल?

"दादा, खोलण्याआधी प्रेशर टेस्ट करा." झाकणाच्या जागी छोटा हातपंप लावून, झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब भरतात आणि काटा बघतात. पंधरा मिनिटं काटा स्थिर राहिला, तर फेरा बहुधा धड आहे. मग झाकण वेगळं तपासायला सांगा. काटा उतरला आणि बाहेर थेंब दिसला, तर जागा सापडली. काटा उतरला पण बाहेर कोरडंच, तर आतली गळती शोधायची. तपासणीच्या वेळी आपल्यापैकी एकीने तिथे उभं राहावं आणि आकडा वहीत लिहावा.

दोन गोष्टी जपून

बोअरचं पाणी रेडिएटरात भरत राहू नका. त्याचे क्षार जाळीत बसतात आणि लोखंड गंजतं. घट्ट कूलंट घेतलं असेल तर डब्यावर लिहिल्याप्रमाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. तयार मिसळलेलं तसंच ओता. वाटेत अडलात तर साधं पाणी चालेल, पण इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं, तर हेडला तडा जाऊ शकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : कूलंट विषारी आहे आणि चवीला गोड लागतं. कुत्री, वासरं, लहान मुलं ते चाटतात. थोड्याशानेही जीव जाऊ शकतो. सांडलेलं लगेच मातीने किंवा राखेने टिपून उचला, जागा धुवा. जुनं कूलंट उकिरड्यावर, गोठ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. झाकणबंद कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीच ठेवू नका.

तर मैत्रिणींनो, वही, पुठ्ठा, झाकण आणि मग प्रेशर टेस्ट, हा क्रम लक्षात ठेवा. यातल्या पहिल्या तीन गोष्टींना पैसा लागत नाही. पुढच्या गटबैठकीला गाडी सकाळीच अंगणात उभी करा आणि सगळ्याजणी मिळून एकदा बघा. काय सापडलं, ते आम्हाला जरूर कळवा.